ग्रिव्हेल जी-१२ न्यू-मॅटिक: क्रॅम्पॉन उत्तम, पण आधी बूट दाखवा

मनालीची तिकिटं निघाली की पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: "कुठला क्रॅम्पॉन घेऊ?" क्रॅम्पॉन म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचा धातूच्या दात्यांचा सांगाडा. त्या प्रश्नावर उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये. बूट कोणता आहे? पातं लाखाचं आणि दांडा हलतोय अशी कुऱ्हाड कोणी विकत घेत नाही. क्रॅम्पॉनच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होतं. आधी पोलादाची चमक बघून क्रॅम्पॉन घेतला जातो, मग तो ट्रेकिंगच्या मऊ बुटावर बसत नाही म्हणून पट्टे करकचून आवळले जातात, आणि बेस कॅम्पच्या वर पहिल्याच उतारावर तो बुटाच्या एका बाजूला लोंबकळू लागतो.

म्हणून हा रिव्ह्यू ग्रिव्हेलच्या जी-१२चा असला तरी अर्धा भाग बुटांवर आहे. वापर डोळ्यासमोर ठेवला आहे तो आपल्याकडची मंडळी जास्तीत जास्त जातात त्या शिखरांचा: मनालीजवळचं फ्रेंडशिप (५,२८९ मीटर), देव तिब्बा (६,००१ मीटर), लडाखमधलं कांग यात्से-२. ही सरळसोट आइस क्लाइंबिंगची शिखरं नाहीत. रात्री एक-दोनला निघायचं, टणक बर्फावरून पाच-सहा तास चढायचं आणि ऊन चढून बर्फ मऊ झाल्यावर उतरायचं, हा त्यांचा शिरस्ता.

ग्रिव्हेल ही मुळात आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या इटालियन बाजूला कूरमायरमध्ये असलेली लोहारकाम करणारी घराण्याची पेढी. ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज इंजिनिअरने १९०८ साली दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनचं डिझाइन केलं आणि पुढच्याच वर्षी हेन्री ग्रिव्हेलने ते घडवलं. चवड्यापुढे आडवे येणारे दोन दाते १९२९ मध्ये लॉराँ ग्रिव्हेलने जोडले. त्या दोन दात्यांनी काय फरक पडला ते १९३८ साली स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसलं. ती भिंत पहिल्यांदा चढलेल्या चौघांपैकी हेकमायर आणि फोर्ग यांच्या पायांत बारा दात्यांचे क्रॅम्पॉन होते, कास्पारेककडे दहा दात्यांचे, आणि हाररने तर क्रॅम्पॉन आणलेच नव्हते. मागून निघालेल्या हेकमायर-फोर्ग जोडीने पुढच्या दोघांना गाठलं. आजचा जी-१२ त्याच सांगाड्याचा वारस आहे: दहा दाते खाली, दोन पुढे.

आता वस्तू हातात घेऊ. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) पोलाद, वरून रंगाचा थर. जोडीचं वजन सुमारे एक किलो, म्हणजे आजच्या मानाने भारीच. पेट्झलचा वसाक त्याच वर्गातला पण थोडा हलका आहे. ब्लॅक डायमंडचा सेबरटूथ स्टेनलेस पोलादाचा असल्याने त्याला गंजाचा त्रास कमी. ॲल्युमिनियमचे क्रॅम्पॉन वजनाला अर्ध्याच्या आसपास भरतात, पण ते स्की करणाऱ्यांसाठी आणि नुसत्या बर्फासाठी. आपल्या शिखरांवर बर्फाआधी आणि बर्फाच्या मधे दगडधोंड्यांची घसरडी मोरेन असते. तिथे ॲल्युमिनियमचे दाते एका मोहिमेत बोथट होतात. जी-१२चं वजन पायाला जाणवतं हे खरं, पण मोरेनवरचे चार फटके खाऊनही तो कामाचा राहतो. हौशी माणसाने पहिला आणि बहुधा शेवटचा क्रॅम्पॉन घ्यायचा असेल तर आमचं मत या भारी पोलादाच्या बाजूने आहे.

पुढचे दोन दाते आडवे आणि पसरट आहेत. टणक बर्फात ते रुंद बसतात, मऊ बर्फात उभ्या दात्यांसारखे चिरत खाली जात नाहीत. गोठलेल्या धबधब्यावर चढायचं असेल तर उभे दाते हवेत, आणि तो वेगळ्या क्रॅम्पॉनचा विषय आहे. बुटाखाली बर्फ साचू नये म्हणून लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांना अँटीबॉट म्हणतात, जोडीबरोबर येतात. त्यांना हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या आहेत. पाय टेकला की दबतात, उचलला की फुगतात आणि चिकटलेला बर्फ झटकून टाकतात.

जी-१२ तीन प्रकारच्या बांधणीत मिळतो आणि निवड इथेच चुकते.

न्यू-क्लासिकमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे प्लॅस्टिकचा पट्टा असतो. बुटाला कुठलीही खाच लागत नाही. क्रॅम्प-ओ-मॅटिकमध्ये पुढे तारेचा वाक आणि मागे टाचेवर खटका. त्याला बुटाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही टोकांना खोल खाच हवी. न्यू-मॅटिक या दोन्हींच्या मधला. पुढे प्लॅस्टिकची लवचिक कमान, मागे टाचेचा खटका. म्हणजे टाचेला खाच हवीच, पुढे नसली तरी चालते.

ब्रिटिश दुकानांनी रूढ केलेली एक पद्धत इथे फार उपयोगी पडते. बुटांना बी-० ते बी-३ आणि क्रॅम्पॉनना सी-१ ते सी-३ असे दर्जे. बी-० म्हणजे हाताने सहज वाकणारा ट्रेकिंगचा बूट. त्याला क्रॅम्पॉन नाहीच. बी-१ थोडा ताठ, त्याला फक्त पट्ट्यांचा सी-१. बी-२ बराच ताठ, टाचेला खाच असलेला; त्याला सी-१ किंवा सी-२. बी-३ पूर्ण ताठ, दोन्हीकडे खाच. त्याला तिन्ही चालतात. न्यू-मॅटिक हा सी-२, म्हणजे बी-२ आणि बी-३ दोन्हींवर बसतो. आज सिंगल बूट घेऊन दोन वर्षांनी डबल बूट (आत काढता येणारा वेगळा बूट असलेला) भाड्याने घेणाऱ्याला हाच प्रकार सोयीचा, आणि तिन्हींत आम्ही न्यू-मॅटिक निवडतो ते याच कारणाने.

उदाहरणं द्यायची तर स्कार्पाचा मांता किंवा ला स्पोर्टिव्हाचा ट्रँगो टॉवर यांना फक्त टाचेला खाच आहे. त्यांच्यावर न्यू-मॅटिक बसेल, क्रॅम्प-ओ-मॅटिक बसणार नाही. ला स्पोर्टिव्हाचा नेपाल, स्कार्पाचा माँ ब्लाँ, तसंच ला स्पोर्टिव्हाचा जी-२ किंवा स्कार्पाचा फँटम ६००० हे डबल बूट यांना दोन्ही खाचा आहेत. डेकॅथलॉनमधून घेतलेले केच्वाचे नेहमीचे ट्रेकिंग बूट सह्याद्रीत आणि बेस कॅम्पपर्यंतच्या चालीला झकास आहेत, पण त्यांच्यावर बारा दात्यांचा क्रॅम्पॉन चढवू नये. कारण साधं आहे. सोल दर पावलाला वाकतो, क्रॅम्पॉनची मधली पट्टी वाकत नाही. मग दोनांपैकी एक होतं: टाच खटक्यातून निसटते, किंवा मधल्या पट्टीला भोकाजवळ बारीक तडा जाऊन ती एक दिवस मोडते.

बूट किती ताठ आहे ते दुकानातच कळतं. एका हाताने टाच, दुसऱ्याने टोक धरून चवड्यापाशी वाकवून बघा. जेमतेम हलला तर बी-२, अजिबात दाद देत नसेल तर बी-३. मग सोल पिळून बघा, जसं ओलं फडकं पिळतो तसं. पिळला गेला तर उताराला आडवं चालताना क्रॅम्पॉनची बाहेरची रांग बर्फातून उचलली जाणार. टाचेची खाच बोटाच्या नखाने तपासा: कडा सरळ आणि धारदार हवी. वापरून झिजलेल्या, गोल झालेल्या कडेवर खटका बसल्यासारखा वाटतो आणि नंतर सुटतो. भाड्याच्या बुटांत हा दोष सर्रास आढळतो.

माप घेताना घाई नको. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. जे मोजे डोंगरात घालणार तेच घाला: एक पातळ, त्यावर एक जाड लोकरीचा. नाडी न बांधता पाय पुढे ढकलला की टाचेमागे एक बोट जायला हवं. नाडी बांधून उतरत्या फळीवर उभं राहिलं तर अंगठा पुढे टेकता कामा नये, आणि फळीवर चढताना टाच उचलली जाऊ नये. अगदी चार-पाच मिलिमीटर हलली तर सोडून द्या, त्याहून जास्त नको. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेवर वाढलेले पाय, त्यामुळे चवडा रुंद. सर्वसाधारणपणे ला स्पोर्टिव्हाचा साचा अरुंद, स्कार्पाचा थोडा ऐसपैस. करंगळीवर दाब येत असेल तर "वापरून सैल होईल" या आश्वासनाला भुलू नका. कातड्याचा जुना बूट सैल होत असे. आजचे कृत्रिम कापडाचे, रबराची कड असलेले बूट फारसे होत नाहीत.

थंडी वाजते म्हणून दोन जाड मोजे घालणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि हिमदंश होतो तो याच मार्गाने. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. क्रॅम्पॉनचा पट्टाही याच कारणासाठी घोट्यावर बेताने आवळायचा. ताठ बुटाला करकचून पट्टा लागतच नाही. लागत असेल तर मापात कुठेतरी गडबड आहे.

सिंगल की डबल? जून किंवा सप्टेंबरातल्या फ्रेंडशिपसाठी ताठ, आत ऊब देणारा सिंगल बूट पुरतो. सहा हजारांच्या वर, विशेषतः दोन-तीन रात्री बर्फावरच्या कॅम्पात काढायच्या असतील, तर डबल. डबल बुटाचा आतला बूट काढून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेता येतो, आणि सकाळी तो कोरडा मिळतो. सिंगल बूट रात्री टेंटच्या कोपऱ्यात घामाने गोठून लाकडासारखा होतो आणि त्यात पाय घालायलाच वीस मिनिटं जातात.

गिर्यारोहण संस्थांत आणि मनाली, उत्तरकाशी, लेहच्या भाड्याच्या दुकानांत अजूनही प्लॅस्टिकचे डबल बूट दिसतात, कोफ्लाख किंवा स्कार्पाच्या 'वेगा' या मॉडेलच्या धर्तीचे. बोजड, चालताना खडखडणारे, पण उबदार आणि क्रॅम्पॉनला निर्धोक. एकच पाहायचं: वय. जुनं प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं आणि घोट्याच्या बिजागरीपाशी किंवा टाचेवर चिरफळतं. तिथे केसासारखी रेघ दिसली, पांढुरका डाग दिसला, तर दुसरा जोड मागा. कातडी-कापडी बुटांनाही असंच एक छुपं म्हातारपण असतं. सोलच्या मधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू विरतो. कोकणात किंवा मुंबईत पाच-सात पावसाळे कपाटात पडून राहिलेला, दिसायला कोरा बूट मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी सोल टाकून देतो. अंगठ्याने तो थर दाबून बघा. चुरा निघाला किंवा चिकट लागला तर बूट संपला.

आता क्रॅम्पॉन बुटाला बसवणं. हे काम घरी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, मोहिमेच्या आधी निदान पंधरा दिवस करायचं.

मधल्या लांब पट्टीवर भोकांची रांग आहे. खिट्टी सोडवून पट्टी पुढे-मागे सरकवा आणि बूट उलटा धरून क्रॅम्पॉन वर ठेवा. पुढच्या कमानीत बुटाचं टोक पूर्ण बसवा, मग टाच दाबा. पुढचे दाते बुटापुढे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर दिसले पाहिजेत. कमी असतील तर चढताना बुटाचं नाक आधी बर्फाला लागतं, जास्त असतील तर पोटरीवर ताण येतो आणि दाते दगडांत अडकतात. मागच्या बाजूला क्रॅम्पॉनचा सांगाडा टाचेच्या बाहेर डोकावता कामा नये. आता खटका वर उचला. तो सहज, एका बोटाने बसला तर सैल आहे. तळहाताने जोर लावावा लागला आणि "टक्" असा भरीव आवाज आला तर बरोबर. भोकं बदलूनही मधलंच माप हवं असेल तर टाचेच्या खटक्यावरचा बारीक फेरफाराचा स्क्रू फिरवा. शेवटी पट्टा न बांधता बूट हातात धरून जोरात झटका. क्रॅम्पॉन हलला, खडखडला, तर पुन्हा पहिल्यापासून.

मोठ्या मापाच्या बुटांना, विशेषतः डबल बुटांना, मूळ पट्टी अपुरी पडते. त्यासाठी लांब पट्टी वेगळी मिळते. शेवटच्या भोकावर खिट्टी आली असेल तर ती मागवलेलीच बरी.

डावा-उजवा वेगळा आहे. ओळख सोपी: बकल बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला आलं तर चालताना दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकतात. पट्टा पुढच्या कमानीच्या कडीतून ओवून बाहेर आणायचा, दोन्ही कड्यांतून घालून एकीतून मागे घ्यायचा, ओढायचा. उरलेलं शेपूट लोंबू द्यायचं नाही, पट्ट्याखाली खोचायचं. खूपच लांब असेल तर कापा आणि टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या. पण कापण्याआधी तो डबल बूट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) दोन्हींवर बसवून बघा; सिंगल बुटावर मोजून कापलेला पट्टा पुढे तोकडा पडतो.

हे सगळं घरी दहा वेळा केलं तरी पुरेसं नाही. जाड हातमोजे घालून, दिवा मालवून, डोक्याच्या टॉर्चवर करून बघा. पहाटे दोनला, उणे दहा-पंधरामध्ये, उघड्या बोटांनी पोलादाला हात लावला की बोटं पहिल्या मिनिटात बधिर होतात, आणि मग ओवणं जमत नाही. न्यू-मॅटिकची खरी किंमत इथे कळते. टाच खटक्यात आपटली, पट्टा ओढला, झालं. दोन्ही पायांचं काम सरावाने दोन मिनिटांत होतं. न्यू-क्लासिकला मागची बांधणी बर्फातून साफ करून पुन्हा आवळावी लागते. खटका लावण्याआधी बुटाच्या सोलवरचा बर्फ मात्र न चुकता झाडायचा, कारण मध्ये बोटभर बर्फ राहिला तर खटका बसल्यासारखा दिसतो आणि बर्फ दबला की सैल पडतो. तासाभराने थांबून पट्टा एकदा तपासावा तो यासाठीच.

जागा निवडण्यात लोक हमखास उशीर करतात. उतार तिरका झाला, पाय घसरू लागले, मग बॅग काढून क्रॅम्पॉन शोधायचे. क्रॅम्पॉन सपाट जागी, गरज पडण्याच्या आधी चढवायचे. मोरेन संपून सलग बर्फ सुरू होतो ती जागा लीडर सांगतो, ती याच कामासाठी.

चालण्याच्या पद्धतीत जी-१२ काही चमत्कार करत नाही, पण चुका माफही करत नाही. साधारण तीस-पस्तीस अंशांपर्यंत खालचे दहाही दाते एकदम बर्फात बसले पाहिजेत, म्हणजे पाऊल सपाट टेकायचं. सह्याद्रीत कातळावर चढताना बुटाच्या कडेवर उभं राहायची सवय असते. ती इथे मोडावी लागते. कडेवर उभं राहिलं की दात्यांची एकच रांग काम करते आणि ती सुटते. आडवं जाताना पंजा किंचित उताराकडे वळवला की घोटा मुरगळल्यासारखा होत नाही. दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर, बदक चालतं तसं. पाय घसटून चालणाऱ्याच्या पँटला आतल्या बाजूने, पोटरीपाशी, पहिल्याच दिवशी खिडक्या पडतात. पँट फाटणं हे नुकसान क्षुल्लक. तोच दाता दुसऱ्या पायाच्या पट्ट्यात अडकला तर माणूस तोंडावर पडतो.

उतार पंचेचाळीसच्या पुढे गेला की पुढचे दाते. इथे एक गोष्ट मनाविरुद्ध वाटते: टाच खाली ठेवायची. घाबरलेला माणूस चवड्यावर उभा राहतो, टाच वर जाते, आणि नेमक्या त्यामुळे पुढचे दाते बर्फातून उचकटतात. टाच चवड्याच्या पातळीत किंवा किंचित खाली असली की पुढच्या दोन दात्यांबरोबर त्यांच्या मागची जोडीही बर्फाला लागते आणि पाय चार दात्यांवर उभा राहतो. एकदा मारायचं, ठाम, आणि पाय हलवायचा नाही. तीन-तीन लाथा मारून बर्फ भुगा करून ठेवणारे दमतातही आणि घसरतातही. लांब उतारावर एक पाय पुढच्या दात्यांवर आणि दुसरा तिरका सपाट, आलटून पालटून ठेवला तर पोटऱ्या दुपारपर्यंत टिकतात.

उतरताना गुडघे वाकवून, वजन पुढे, पाऊल सपाट. पाठीमागे रेललं की टाचेचे दाते घसरतात. आणि क्रॅम्पॉन पायात असताना घसरगुंडी करू नये. हा नियम प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दिवशी सांगितला जातो आणि समिटवरून उतरताना हमखास विसरला जातो. मऊ उतार मोहात पाडतो, माणूस बसून घसरतो, एक दाता बर्फात रुततो, पाय तिथेच थांबतो आणि शरीर पुढे जातं. घोटा किंवा नडगी मोडते. घसरायचंच असेल तर आधी क्रॅम्पॉन काढायचे. पडलो आणि आइस ॲक्सने (बर्फातल्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवायचं असेल तरी क्रॅम्पॉन असताना गुडघे वाकवून पाय बर्फापासून वर धरायचे, त्याच कारणासाठी.

सकाळी अकरानंतर दुसरा शत्रू येतो. ओला बर्फ दात्यांच्या मधे गोळा होतो आणि पायाखाली लाडवासारखा घट्ट वळला जातो. दाते त्यात बुडतात, माणूस गोळ्यावर उभा राहतो. जी-१२च्या अँटीबॉटचा अनुभव चांगला आहे, पण ते सर्व बर्फात पुरे पडत नाहीत. ताज्या, ओल्या बर्फावर दर दोन-चार पावलांनी आइस ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या बाजूला टोला द्यावाच लागतो. अँटीबॉट फाटलेले किंवा भाड्याच्या क्रॅम्पॉनला नसलेले असतील तर निदान जाड प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा टेपने तळाशी बांधून न्यावा. काम चालतं, देखणं नसलं तरी.

दोष सांगितले नाहीत तर रिव्ह्यू कसला. पहिला, वजन. दुसरा, पुढची प्लॅस्टिकची कमान. उभ्या बर्फावर पुढच्या दात्यांवर उभं राहिलं तर तारेच्या वाकाइतकी घट्ट पकड ती देत नाही, बुटाचं टोक किंचित हलतं. वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर ती कडक होते, वाकवून पांढरी रेघ दिसली की बदलायची. सुटे भाग मिळतात, पण ते मोहिमेच्या आधी मागवायला हवेत. तिसरा, गंज. रंग पहिल्या मोरेनवरच खरवडला जातो, आणि ओला क्रॅम्पॉन पिशवीत घालून घरी आणला तर आठवड्यात तांबूस होतो. हा दोष क्रोमोलीचाच आहे, कंपनीचा नाही. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, पुसा, सावलीत वाळवा, हलका तेलाचा हात फिरवा.

धार लावायची ती हाताच्या कानशीने. ग्राइंडरवर धरला की पोलाद तापतं, त्याचं पाणी उतरतं, आणि दाता नंतर वाकतो किंवा मोडतो. कानस दात्याच्या अरुंद कडेवर चालवायची, रुंद बाजू पातळ करायची नाही. आपल्या शिखरांसाठी वस्तऱ्यासारखी धार नकोच. टोक बोटाला टोचेल इतकं पुरे. दाते झिजून आखूड झाले असतील तर कानस मारत बसू नये, क्रॅम्पॉन बदलावा.

बॅगेत ठेवायचं सामान: क्रॅम्पॉनला बसणारा एक जादा पट्टा, चार-पाच केबल टाय, हातभर लवचिक तार आणि पक्कड असलेलं मल्टिटूल. रोज निघताना स्क्रू आणि खिट्ट्या एकदा बोटाने चाचपायच्या.

एक गैरसमज बाजूला काढू. केदारकंठा (सुमारे ३,८१० मीटर) किंवा ब्रह्मताल या हिवाळी ट्रेकच्या पायथ्याला "क्रॅम्पॉन" म्हणून जे भाड्याने मिळतं ते बहुतेक वेळा मायक्रोस्पाइक असतं: रबरी पट्टा, साखळ्या आणि सेंटिमीटरभर खिळे. कुठल्याही ट्रेकिंग बुटावर ते चढतं आणि पायवाटेवरच्या गोठलेल्या बर्फाला ते अगदी योग्य आहे. तिथे जी-१२ नेणं म्हणजे भाजी चिरायला कोयता नेणं. उलट मायक्रोस्पाइक घालून फ्रेंडशिपच्या वरच्या उतारावर जाणं धोक्याचं: रबर ताणलं जातं, साखळी बुटाखालून बाजूला सरकते आणि खिळे बर्फात जेमतेम शिरतात.

घ्यावा की भाड्याने आणावा? उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, दार्जिलिंगला किंवा मनालीला बेसिक कोर्सला जाणाऱ्याने काहीही विकत घेऊ नये. साहित्य संस्था देते आणि कोर्स झाल्यावर आपल्याला काय हवं ते नीट कळतं. आयुष्यात एकच शिखर करायचं असेल तरी भाड्यानेच. मात्र दुकानात बूट पायात घालूनच क्रॅम्पॉन मागा, आणि वेळ घ्या. दोन्ही क्रॅम्पॉन एकाच जोडीचे आहेत का, मधल्या पट्टीच्या भोकांजवळ तडा आहे का, खिट्टीच्या जागी तार गुंडाळलेली तर नाही ना, पुढचे दाते समान लांबीचे आहेत का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. दर एक-दोन वर्षांनी हिमालयात जाणाऱ्याने मात्र आधी स्वतःचा बूट घ्यावा, क्रॅम्पॉन नंतर. बुटाची किंमत क्रॅम्पॉनच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून लोक उलटं करतात. पण भाड्याचा क्रॅम्पॉन आपल्या बुटावर बसवता येतो. भाड्याच्या बुटात आपला पाय बसवता येत नाही.

आणि घेतलाच, तर विमानात तो केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाकावा लागतो. दात्यांवर रबरी टोप्या घाला किंवा दोन्ही क्रॅम्पॉनचे दाते एकमेकांत घालून जाड कॅनव्हासच्या पिशवीत बांधा. सॅकमध्ये डाउन जॅकेटशेजारी तर नकोच.